मेंडेल टपालानं आला

२१ एप्रिल १९००, शनिवार. जर्मनीतल्या ट्युबिंगन गावी सकाळचं टपाल आलं. कार्ल कॉरेन्स या पस्तीस वर्षांच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावानं त्यात एक पातळसं रीप्रिंट, म्हणजे लेखाची सुटी छापील प्रत, होतं. पाठवणारा ॲमस्टरडॅमचा ह्यूगो द व्ह्रीस, वयानं आणि नावानं कॉरेन्सपेक्षा बराच मोठा. लेख फ्रेंचमध्ये, जेमतेम तीन पानांचा. वाचता वाचता कॉरेन्सच्या लक्षात आलं, की मका आणि वाटाणा यांच्यावर वर्षानुवर्षं राबून आपल्या हाती जे लागलं, तेच इथं छापून आलंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याचा स्वतःचा लेख लिहून तयार होता. मंगळवारी, २४ तारखेला, जर्मन बॉटनिकल सोसायटीच्या दप्तरी त्याची आवक नोंदली गेली. या लेखाच्या शीर्षकात कॉरेन्सनं ना स्वतःच्या शोधाचं नाव दिलं, ना द व्ह्रीसच्या. तिथं लिहिलं ‘ग्रेगोर मेंडेलचा नियम’. मेंडेल म्हणजे सोळा वर्षांपूर्वी वारलेला एक मठाधिपती.

शाळेत आपण हे एका ओळीत शिकलोय. ‘१९०० साली तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मेंडेलच्या नियमांचा पुन्हा शोध लावला.’ प्रश्नपत्रिकेत दोन मार्कांना येणारी ही ओळ मला कायम अपुरी वाटत आली. छापून झालेली गोष्ट हरवते कशी? आणि चौतीस वर्षांनी, एकाच वर्षाच्या मार्च ते जून या चार महिन्यांत, तिघांना एकदम सापडते कशी? याचं उत्तर प्रयोगशाळेइतकंच त्या काळच्या टपालात आहे. शास्त्रज्ञ एकमेकांना काय पाठवत होते, काय मागत होते, कोणाच्या पत्राला किती दिवसांनी उत्तर देत होते, हे पाहिलं की ही गोष्ट उलगडते.

आधी मेंडेलला काय सापडलं होतं ते थोडक्यात पाहू. ब्रून (आजचं ब्रनो, चेक प्रजासत्ताक) इथल्या मठाच्या बागेत त्यानं वाटाण्याच्या जातींचा संकर केला. पिवळ्या दाण्याची जात आणि हिरव्या दाण्याची जात यांचा संकर केल्यावर पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळे. हिरवा रंग गेला कुठे? ही पहिल्या पिढीची रोपं त्यानं स्वतःच्याच परागकणांवर फळू दिली. पुढच्या पिढीत ६०२२ दाणे पिवळे आणि २००१ हिरवे आले, म्हणजे जवळपास तीनास एक. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांचंही तेच. ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले.

समजा, प्रत्येक झाडाकडे एका गुणासाठी दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. झाड पुढच्या पिढीला त्यातली एकच देतं, आणि कोणती ते नशिबावर. संकराच्या झाडाकडे एक पिवळी चिठ्ठी आणि एक हिरवी. अशा दोन झाडांच्या (किंवा एकाच झाडाच्या पराग आणि बीजांडातल्या) चिठ्ठ्या एकत्र आल्या तर चार शक्यता होतात: पिवळी-पिवळी, पिवळी-हिरवी, हिरवी-पिवळी, हिरवी-हिरवी. पिवळी चिठ्ठी एक जरी असली तरी दाणा पिवळा दिसतो. म्हणून चारांत तीन पिवळे. पिवळा गुण प्रभावी, हिरवा अप्रभावी. हिरवी चिठ्ठी कुठेही विरघळत नाही, फक्त एक पिढी झाकली जाते.

कोकणातल्या माणसाला याची झळ वेगळ्या रूपात ठाऊक आहे. हापूसची कोय लावली तर हापूस मिळेलच असं नाही. कोयीतलं झाड म्हणजे दोन झाडांच्या असंख्य चिठ्ठ्यांचा नवा डाव. म्हणून तर आपण कलमं बांधतो.

मेंडेलनं हे १८६५च्या ८ फेब्रुवारीला आणि ८ मार्चला ब्रूनच्या निसर्ग-अभ्यासक मंडळात वाचलं आणि १८६६ साली मंडळाच्या वार्षिक अंकात ते छापून आलं. आता इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा अंक कुठल्या कोपऱ्यात पडून राहिला असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो युरोपातल्या शंभराहून अधिक संस्थांकडे रीतसर गेला होता. लंडनच्या रॉयल सोसायटीत होता, लिनियन सोसायटीतही होता. ग्रंथालयात कपाटावर उभा होता, कुणीही मागितला असता तर मिळाला असता. पण तो फारसा कुणी मागितला नाही.

वार्षिक अंक अशा वेळी फार कामाचा नसतो. त्यात हवामानाच्या नोंदी, भुंगेऱ्यांच्या याद्या, सभासदांची नावं, आणि मध्येच कुठेतरी वाटाण्यावरची चव्वेचाळीस-पंचेचाळीस पानं. ही पानं तुमच्यासाठी आहेत हे सांगायला कुणीतरी लागतं. त्या काळी हे काम रीप्रिंट करायचं. लेख छापून झाला की लेखक त्याच्या काही सुट्या प्रती काढून घ्यायचा आणि ज्यांनी वाचावं असं त्याला वाटे त्यांना पत्रासोबत धाडायचा. मेंडेलनं चाळीस प्रती मागवल्या होत्या. त्यातल्या मोजक्याच कुठे गेल्या हे आज माहीत आहे. एक इन्सब्रुकला अँटन केर्नर या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेली. तेव्हाच्या छपाईत मोठा कागद घड्या घालून शिवायचे, त्यामुळे वाचायचं तर आधी चाकूनं पानांच्या कडा फाडाव्या लागत. केर्नरची प्रत त्याच्या मागे सापडली तेव्हा तिच्या कडा फाडलेल्याच नव्हत्या. (एक प्रत डार्विनकडे होती आणि त्यानंही ती उघडली नव्हती, ही दंतकथा मात्र खरी नाही. डार्विनच्या संग्रहात मेंडेलचं रीप्रिंट नव्हतंच.)

दुसरी प्रत गेली म्युनिकला, कार्ल नेगेली या त्या काळच्या मोठ्या प्रस्थाकडे. इथून या कथेतला सर्वांत हृद्य भाग सुरू होतो.

३१ डिसेंबर १८६६ रोजी मेंडेलनं नेगेलीला पहिलं पत्र लिहिलं. सोबत लेख. उत्तर यायला जवळपास दोन महिने लागले. नेगेलीचा सूर असा, की तुमचं काम पुरं झालं असं समजू नका, ही तर सुरुवात आहे. यावर मेंडेलनं १८ एप्रिल १८६७ रोजी जे लांबलचक पत्र लिहिलं ते मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. तुम्ही माझ्या प्रयोगांबद्दल सावध अविश्वासानं बोलता याचं मला नवल वाटत नाही, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं, अशा आशयाचं तो लिहितो. मग तक्रारीचा एकही शब्द न काढता पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगतो. आकडे देतो, कोणत्या झाडापासून काय आलं ते सांगतो, आणि तुम्ही स्वतः पेरून पाहा म्हणून नावं-क्रमांक लिहिलेली वाटाण्याच्या बियांची पाकिटं पाठवतो.

बियांची पाकिटं ही त्या काळच्या पत्रव्यवहारातली साधी पण फार मोलाची गोष्ट. गणितज्ञाला पत्रात सिद्धता लिहून पाठवता येते. वनस्पतिशास्त्रज्ञाला बी पाठवावं लागतं, दाबून सुकवलेली फांदी पाठवावी लागते. माझ्या शब्दांवर विश्वास ठेवू नका, मातीत घालून बघा, असं म्हणण्याची सोय त्या पाकिटात असते. फक्त समोरच्यानं पेरायला हवं. नेगेलीचं मत त्या पाकिटांनी बदललं नाही.

नेगेलीला रस होता हायरॅसियममध्ये. ही युरोपातली एक पिवळ्या फुलांची रानवनस्पती, सूर्यफुलाच्या कुळातली. तिच्या जातींचा नेगेली हा मोठा जाणकार. पुष्कळ ठिकाणी असं लिहिलेलं सापडतं, की नेगेलीनं मेंडेलला या झाडाच्या नादी लावलं आणि त्याचं नुकसान केलं. पत्रं वाचली तर चित्र थोडं वेगळं दिसतं. पहिल्याच पत्रात मेंडेलनं स्वतः लिहिलंय, की पुढच्या प्रयोगांसाठी मी निवडलेल्या वनस्पतींत हायरॅसियम आहे. म्हणजे निवड त्याचीच. नेगेलीनं ती उचलून धरली, रोपं पाठवली, आणि पत्रव्यवहार मग वाटाण्यावरून कायमचा हायरॅसियमवर घसरला. नेगेलीनं मुद्दाम अडवलं असं मी म्हणणार नाही. पण त्यानं समोरच्याचा मुद्दा बाजूला ठेवून आपल्याला आवडतं तेवढंच बोलणं चालू ठेवलं, आणि असा पत्रमित्र असणं हा एकाकीपणाच होता.

हे झाड हाताळणं किती अवघड आहे पाहा. झेंडूचं फूल सोडवलं तर कळतं, की ते एक फूल नसून शेकडो छोट्या फुलांचा गुच्छ आहे. हायरॅसियमचंही तसंच, पण झेंडूपेक्षा कितीतरी बारीक. संकर करायचा तर त्या एकेका इवल्या फुलातले परागकोश परागकण सुटायच्या आत काढून टाकायचे आणि मग दुसऱ्या झाडाचे परागकण कुक्षीवर ठेवायचे. मेंडेल हे आरसा आणि बहिर्गोल भिंगानं उजेड एकवटून करत असे. १८७०च्या जुलैमधल्या पत्रात तो लिहितो, की या कामानं माझे डोळे इतके थकले, की काही महिने काम थांबवावं लागलं.

आणि निकाल? वाटाण्याच्या अगदी उलटे. इथे पहिल्याच पिढीत नाना तऱ्हा, आणि पुढे त्या संकरांची संतती मात्र हुबेहूब आईसारखी. तीनास एक कुठेच नाही. स्वतःच्या नियमाविरुद्ध जाणारे हे आकडे मेंडेलनं लपवले नाहीत. पत्रांतून कळवले आणि १८६९ साली मंडळापुढे वाचलेही. कारण मात्र त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

ते कळलं १९०३ साली, कोपनहेगनच्या रॉनकियर आणि ओस्टेनफेल्ड या दोघांना. त्यांचा प्रयोग इतका सुटसुटीत, की कुणीही करून पाहावा. हायरॅसियमची न उमललेली कळी घ्यायची आणि वस्तऱ्यानं तिचा वरचा भाग सपकन कापून टाकायचा. त्याबरोबर परागकोशही गेले आणि कुक्षीही गेली. आता फलन व्हायला काही वावच उरला नाही. तरीही खाली बी धरलं, आणि ते रुजलंही. म्हणजे हे झाड बहुतेक वेळा बापाशिवायच बी तयार करतं. त्या बीत चिठ्ठ्यांचा डाव मांडलाच जात नाही, आईच्या चिठ्ठ्या जशाच्या तशा उतरतात.

आपल्याकडे याचा जवळचा नमुना हवा असेल तर कागदी लिंबाची बी कुंडीत रुजत घाला. आमच्याकडे एका बीतून दोन कोंब वर आले तेव्हा मला वाटलं होतं, चुकून दोन बिया पडल्या असाव्यात. उकरून पाहिलं तर बी एकच. लिंबाच्या एका बीत संकरातून आलेला गर्भ असू शकतो आणि त्याच्या शेजारी निव्वळ आईच्या पेशींतून वाढलेले गर्भही. हे दुसरे गर्भ म्हणजे आईच्या नकला. म्हणूनच आपल्या रोपवाटिकांत कागदी लिंबाची रोपं बियांपासून करतात आणि तरी जात टिकते. हापूसच्या कोयीला हे जमत नाही. मेंडेलनं पहिल्यांदा जे झाड घेतलं ते हापूसच्या वळणाचं होतं आणि दुसऱ्यांदा घेतलं ते लिंबाच्या वळणाचं, असं ढोबळमानानं म्हणता येईल.

आता परत १९०० साली येऊ. दरम्यान काय बदललं होतं? एक तर पेशीतली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागली होती, त्यामुळे ‘चिठ्ठ्या’ कुठे असाव्यात याचा विचार करणारी पिढी तयार होती. दुसरं, संकराचे प्रयोग करणारी माणसं आता ठिकठिकाणी होती, आणि ती एकमेकांना ओळखत होती. जुलै १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं संकर या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. द व्ह्रीस तिथे होता, केंब्रिजचा विल्यम बेटसनही होता. भेटी झाल्या, पत्ते जमले, आणि मग रीप्रिंटांची देवघेव सुरू झाली. मेंडेलला जे जाळं कधी लाभलं नाही ते या पिढीला आयतं मिळालं.

द व्ह्रीसपर्यंत मेंडेल पोचला कसा, याच्या दोन हकिगती आहेत आणि दोन्ही पत्रांतल्याच.

पहिली अशी. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा मार्टिनस बायरिंक (तंबाखूच्या पानावरच्या रोगाचं कारण जिवाणूपेक्षा वेगळं काही आहे, हे ओळखून ‘व्हायरस’ची कल्पना मांडणारा) हा द व्ह्रीसचा परिचित. त्याच्या संग्रहात मेंडेलचं एक जुनं रीप्रिंट होतं. त्यानं ते द व्ह्रीसला पाठवलं. तुम्ही संकरांवर काम करता हे मला ठाऊक आहे, कुणा मेंडेलचा हा जुना लेख कदाचित उपयोगी पडेल, अशा अर्थाचं पत्र सोबत. ही हकिगत द व्ह्रीसच्या शिष्यानं बऱ्याच वर्षांनी सांगितली.

दुसरी हकिगत द व्ह्रीसची स्वतःची. अमेरिकेतल्या लिबर्टी हाइड बेली या फळबागशास्त्रज्ञानं संकरावरच्या लिखाणाची एक यादी छापली होती, तीत मेंडेलचं नाव मला सापडलं, असं त्यानं नंतर पत्रांतून सांगितलं. गंमत अशी, की बेलीनंही मेंडेलचा लेख तोवर वाचलेला नव्हता. त्यानं तो संदर्भ फोके या जर्मन लेखकाच्या १८८१च्या ग्रंथातून उचलला होता. म्हणजे न वाचलेल्या लेखाचा पत्ता हातोहात अटलांटिकपार गेला आणि योग्य माणसाला सापडून परत युरोपात आला. या दोन हकिगतींत एकच खरी असली पाहिजे असं मला वाटत नाही. नाव यादीतून कळलं असेल, कागद मित्राकडून आला असेल.

कसंही असो, मार्च १९०० मध्ये द व्ह्रीसनं दोन लेख पाठवले, एक पॅरिसला फ्रेंचमध्ये, एक बर्लिनला जर्मनमध्ये. जर्मन लेखात मेंडेलचा उल्लेख होता, फ्रेंच लेखात नव्हता. आणि कॉरेन्सच्या हाती त्या शनिवारी पडला तो फ्रेंच लेख. त्यात ‘डॉमिनंट’ आणि ‘रिसेसिव्ह’ हे मेंडेलचे शब्द होते, पण त्याचं नाव नव्हतं. कॉरेन्सच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं, कारण तो नेगेलीच्या हाताखाली शिकला होता आणि नेगेलीची भाची त्याची पत्नी होती. आपल्या लेखात त्यानं तिरकसपणे नोंदवलं, की योगायोगानं द व्ह्रीसनंही मेंडेलचेच शब्द वापरलेत. शीर्षकात मेंडेलचं नाव घालून त्यानं मृत माणसाचं देणं फेडलं, आणि शोधाचा मान द व्ह्रीसच्या एकट्याच्या पदरात पडू दिला नाही. मला यात दोन्ही हेतू दिसतात, आणि एकानं दुसरा खोटा ठरत नाही.

तिसरा एरिक चेर्माक, व्हिएन्नाचा, अठ्ठावीस वर्षांचा. त्यालाही द व्ह्रीसचं रीप्रिंट टपालानंच मिळालं. त्याचा लेख २ जूनला दाखल झाला. त्याचे आजोबा एडुआर्ड फेन्झल यांनी व्हिएन्नात मेंडेलला शिकवलं होतं. चेर्माकला तीनास एकाचा अर्थ नीट उमगला होता का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. त्याचा भाऊ आर्मिन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होता, आणि दोघा भावांची त्या काळातली पत्रं २०११ साली प्रकाशित झाली. आर्मिननं एरिकला किती मदत केली हे त्यांतून कळतं. तर ‘तीन शास्त्रज्ञ, स्वतंत्रपणे’ या ओळीतला ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द जरा जपून वाचावा. प्रयोग स्वतंत्र होते. पण छापण्याची घाई, मेंडेलचं नाव, आणि तारखांची ही रांग सगळी एकमेकांच्या टपालावर हलत होती.

आठवणीवर किती भरवसा ठेवावा, हेही याच प्रकरणात दिसतं. १९२०च्या दशकात हर्बर्ट रॉबर्ट्स या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं तिघांनाही पत्रं लिहून विचारलं, की नेमकं काय घडलं होतं. तिघांनीही उत्तरं दिली. कॉरेन्सनं १९२५ साली लिहिलं, की १८९९च्या शरदात एका पहाटे झोप येत नव्हती, अंथरुणात पडल्या पडल्या उत्तर विजेसारखं चमकून गेलं, आणि मेंडेलचा लेख मी त्यानंतर काही आठवड्यांनी वाचला. पुढे सत्तर वर्षांनी इतिहासकार हान्स-यॉर्ग राइनबर्गर याला कॉरेन्सच्या कागदांत एक टिपण सापडलं. ते होतं मेंडेलच्या लेखावरचं, आणि त्यावर तारीख होती १६ एप्रिल १८९६. कॉरेन्सनं तो लेख आधीच वाचला होता, पण तेव्हा त्यातलं मर्म त्याला भिडलं नव्हतं. तो खोटं बोलला असं मला वाटत नाही. स्वतःला प्रश्न पडण्याआधी वाचलेलं उत्तर मनात राहत नाही.

इंग्लंडात मेंडेल पोचला तोही असाच. बेटसन ८ मे १९०० रोजी केंब्रिजहून आगगाडीनं लंडनला व्याख्यान द्यायला निघाला, वाटेत मेंडेलचा लेख वाचला आणि तिथल्या तिथे व्याख्यान बदललं, असं त्याच्या पत्नीनं लिहून ठेवलंय. इतिहासकारांच्या मते त्या दिवशी त्याच्या हातात बहुधा मेंडेलचा मूळ लेख नसून द व्ह्रीसचं रीप्रिंट असावं. मेंडेलचा लेख मिळाल्यावर मात्र बेटसननं तो इंग्रजीत आणवला, १९०१ साली छापवला, आणि उरलेलं आयुष्य त्याच्यासाठी भांडण्यात घालवलं. एडिथ साँडर्स ही त्याची सहकारी केंब्रिजमध्ये झाडांवर तेच प्रयोग करत होती. मुख्य भांडण झालं ते वेल्डन या त्याच्या जुन्या मित्राशी. आणि याच वेल्डननं ऑक्टोबर १९०० मध्ये कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाला किती आनंदानं लिहिलं होतं, की कुणा मेंडेलचा वाटाण्यांच्या संकरावरचा लेख वाचनात आला, तुम्हालाही आवडेल. पुढे वेल्डननं तऱ्हतऱ्हेचे वाटाणे गोळा करून दाखवलं, की पिवळा आणि हिरवा यांच्या मध्ये कितीतरी छटा असतात, दोन कप्पे करून कसं चालेल? हरकत बिनबुडाची नव्हती. पण भांडणात ती ऐकली गेली नाही, आणि १९०६ साली वेल्डन अकाली गेला.

एका पत्राचा मात्र वेगळा उल्लेख करायला हवा. केंब्रिजमध्ये एका निधीतून प्राध्यापकाची जागा निघण्याची शक्यता होती. त्या संदर्भात बेटसननं ॲडम सेजविक या प्राणिशास्त्रज्ञाला लिहिलं, की आनुवंशिकता आणि विविधता यांच्या अभ्यासाला मिळून एकही नाव नाही, तसा शब्द अतिशय गरजेचा आहे, आणि घडवायचाच तर ‘जेनेटिक्स’ चालेल. तो पैसा शेवटी दुसऱ्या विषयाकडे गेला, जागा मिळाली नाही, पण शब्द राहिला. पत्राची तारीख १८ एप्रिल १९०५. मेंडेलनं नेगेलीला ते सोशिक, लांबलचक पत्र लिहिलं त्यालाही तारीख १८ एप्रिलच होती, अडतीस वर्षांपूर्वीची. निव्वळ योगायोग, पण नोंदवल्यावाचून राहवत नाही.

मग १९०९ साली डेन्मार्कच्या योहानसेननं ‘जीन’ हा शब्द रूढ केला. द व्ह्रीसच्या ‘पॅन्जीन’ या जुन्या शब्दाचं शेपूट तेवढं ठेवून. मराठीत आपण त्याला ‘जनुक’ म्हणतो. ग्रीकमधलं ‘गेन्’ आणि संस्कृतातला ‘जन्’ धातू ही एकाच मुळाची भावंडं आहेत, त्यामुळे हा प्रतिशब्द ऐकायला जुळतो आणि अर्थानंही घरचाच आहे.

पत्राची ताकद दाखवणारा आणखी एक प्रसंग १९०८चा. प्रभावी गुण तीनास एक येत असेल तर काही काळानं जगातली तीन-चतुर्थांश माणसं प्रभावी गुणाचीच व्हायला हवीत, ती का होत नाहीत, असा पेच मेंडेलवाद्यांपुढे उभा राहिला. बेटसनचा सहकारी पनेट यानं तो केंब्रिजचा गणितज्ञ हार्डी याच्या कानावर घातला. हार्डीनं ‘सायन्स’ साप्ताहिकाच्या संपादकांना पत्र लिहून सोपा गुणाकार मांडला. बाहेरून काही ढवळाढवळ झाली नाही तर चिठ्ठ्यांचं प्रमाण पिढ्यानपिढ्या तसंच राहतं. प्रभावी असणं म्हणजे संख्येनं वाढत जाणं नव्हे. जर्मनीत वाइनबर्गनंही त्याच वर्षी हेच दाखवलं, म्हणून आज तो नियम दोघांच्या नावानं ओळखला जातो. याच हार्डीला पाच वर्षांनी, जानेवारी १९१३ मध्ये, मद्रासहून रामानुजनचं पत्र गेलं, आणि ते त्यानं बाजूला टाकलं नाही.

१९०५ सालीच कॉरेन्सनं आणखी एक काम केलं. मेंडेलचे मठातले बरेचसे कागद त्याच्या मागे नष्ट झाले होते. नेगेलीच्या घरच्या कागदपत्रांत मात्र मेंडेलची दहा पत्रं राहिली होती, १८६६ ते १८७३ या सात वर्षांतली. ती कॉरेन्सनं छापली. वाटाण्याच्या लेखात मेंडेल कुठेच दिसत नाही, नुसते आकडे दिसतात. पत्रांत माणूस दिसतो. एका ठिकाणी तो लिहितो, की देवानं मला वजन जरा जास्तच दिलंय, आणि डोंगर चढताना गुरुत्वाकर्षणाचा नियम फार जाणवतो, त्यामुळे रानात भटकून झाडं गोळा करणं आता होत नाही. १८६८ साली तो मठाधिपती झाला, आणि पुढची पत्रं हळूहळू विरळ होत जातात.

शेवटचं पत्र १८ नोव्हेंबर १८७३चं. वसंतात दिलेला शब्द पाळता आला नाही याची त्यात माफी आहे. हायरॅसियमची झाडं यंदाही फुलून सुकून गेली, धावतपळत एक-दोनदा त्यांच्याकडे जाऊन आलो, त्यापलीकडे काही जमलं नाही, असं तो कळवतो. माझ्या झाडांकडे आणि मधमाश्यांकडे मला इतकं दुर्लक्ष करावं लागतंय याचं खरोखर वाईट वाटतं.